उघडी चांदी

एवढीशी ज्योत, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळलेली,
आवाज मांजराच्या गुरगुरण्याएवढा.
खिडकीबाहेर यिझेराचे डोंगर
बर्फात तोंड खुपसून पडलेले.

हेडविका म्हणते, आधी सळी मातीत बुडव,
नाहीतर मणी तिला जन्मभर सोडायचा नाही.
बुडवते. सुकवते.
काचेची कांडी ज्योतीत धरली की
आधी हट्ट करते, मग मधासारखी लवते.
गोल व्हायची घाई मला असते,
काचेला नाही.

मग वर्ख.
कागदांच्या घडीतून ती चिमट्यानं उचलते
तेव्हा खोलीत कुणी शिंकायचं नाही,
हा नियम तिच्या सासऱ्यापासूनचा.
पितळी पट्टीवर चौकोन,
पोस्टाच्या तिकिटाहून जरासा मोठा.
लाल मणी त्यावरून लोटायचा, एकदाच,
मध्ये थांबायचं नाही.
चांदी चिकटते, सुरकुतते,
चमच्याच्या पाठीनं चोळून बसवायची,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून
ओला हात फिरवावा तशी.

पुन्हा ज्योतीत, पण बेतानं.
जरा जास्त झालं की चांदी जाते.
कुठे जाते ते मला विचारू नकोस,
मी पन्नास वर्षं विचारते आहे.
मागे राहतो काचेत मुरलेला पिवळट धूर.
पहिले चौदा मणी मी असेच घालवले.
तिनं टाकले नाहीत,
कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बांधले.

तिची रीत अशी, की वर्खावर
पारदर्शक काचेचा थर चढवायचा.
आत चांदी, बाहेर काच,
नातवंडांच्या हातीही काळी पडायची नाही.
मला मात्र वर्ख वरच हवा होता,
उघडा, फाटका, भेगांतून निळी काच डोकावणारा,
मार्चमध्ये ओढ्यावरचं बर्फ तडकतं ना, तसा.
ती म्हणाली, विकून बघ. कळेल.

विकली. याब्लोनेत्सच्या जत्रेत,
एकवीस मण्यांची माळ.
घेणाऱ्या ओटिलियाबाई,
रेल्वे फाटकावरची सिग्नलची केबिन सांभाळणाऱ्या.
दीड वर्षानं आल्या, बूट न झटकता.
रुमाल सोडून माळ टेबलावर ठेवली.
‘ही चांदी?’
किटलीच्या बुडासारखे काळे मणी.
मी गल्ला उघडला, पैसे मोजू लागले,
मान वर करायची हिंमत नव्हती.

हेडविकानं भिंग डोळ्याला लावलं.
मणी एकेक सरकवत गेली, आणि थांबली.
‘आणि हा?’

एकच मणी लखलखत होता.
अर्धा वर्ख झिजून गेलेला,
उरलेला अर्धा नव्याहून नवा.

‘हा तुम्ही बोटांत फिरवत असता.’
ओटिलियाबाईंचा हात आपसूक गळ्याशी गेला.
गळा रिकामा होता.
‘रात्री,’ त्या म्हणाल्या, ‘दोन दहाच्या गाडीला
उशीर झाला की.
पूर्वी इंजिनावर मिलोटा असायचा.
आता दुसराच कुणीतरी असतो,
हात दाखवतो तोही, भला माणूस आहे.
पण बोटांना कोण सांगणार.’

मी म्हटलं, नवी करून देते, वर काच चढवून.
त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.
माळ पुन्हा रुमालात बांधली, दारापर्यंत गेल्या,
तिथून विचारलं,
‘बाकीचे वीस घासले तर?’
‘उजळतील,’ हेडविका म्हणाली, ‘आणि झिजतील.’
बाई थोडा वेळ उंबऱ्यावर उभ्या.
थंडी आत येत होती, ज्योत वाकली.
‘मग असू देत,’ म्हणाल्या.

पैसे तसेच टेबलावर राहिले.
दुपारभर आम्ही त्यांना हात लावला नाही.

संध्याकाळी हेडविकानं एक मणी घेतला,
वर्ख बसवला, चोळला,
पारदर्शक कांडी उचलली,
खाली ठेवली,
पुन्हा उचलली.
मी माझे मणी ऊनऊन राखेत पुरत होते,
सावकाश निवायला.
पुढे तिनं काय केलं
ते मी पाहिलं नाही.